माझ्या दारातल्या अण्णांच्या चपला

ट्रक दारात येऊन उभा राहिला तेव्हा माय चूल सारवत होती. पुढचे कितीतरी महिने जी चूल पेटणार नव्हती, ती सारवून ठेवायची तिची जुनी सवय. अण्णा गोधड्या, पत्र्याची पेटी, भांड्यांचं पोतं आणि पाण्याचा ड्रम ट्रकात चढवत होते. टोळीतली बाकीची माणसं आधीच वर बसली होती. आमच्या उमापूरकडच्या भागात दिवाळी झाली की असे ट्रक गल्लीगल्लीतून फिरतात आणि ऊसतोडीला जाणारी घरं एकेक करून बंद होत जातात. त्या दिवशी माझीही बॅग भरलेली होती, पण मला त्या ट्रकात चढायचं नव्हतं. मी अंबाजोगाईला निघाले होते, माझ्या कॉलेजला. दिवाळीपर्यंत माझ्याबरोबर खोलीत केजची एक मुलगी होती. तिला वसतिगृहात जागा मिळाली होती. म्हणजे आता त्या खोलीत मी एकटीच राहणार होते.

निघायच्या आधी अण्णांनी मला आत बोलावलं. बाजेखालून त्यांनी आपल्या जुन्या चामडी चपला काढल्या, धूळ झटकली, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि माझ्या बॅगेत कोंबल्या.

"दारात ठिव," ते म्हणाले. "बाहेरून बगणाऱ्याला वाटलं पायजे, घरात गडीमाणूस हाय."

माय म्हणाली, "आन् हाळी आली की ओ देत जा."

एवढंच. मग त्यांनी दाराला कुलूप लावलं. ट्रक एका दिशेला गेला आणि मी गेवराईला जाणाऱ्या जीपची वाट बघत रस्त्यावर उभी राहिले.

मायचं हाळीचं बोलणं ज्यांचे आईवडील तोडणीला जातात त्यांना समजेल, इतरांना सांगावं लागेल. चौथीपर्यंत मीही त्यांच्याबरोबर फडात जात होते. फड म्हणजे तोडणीला आलेलं उसाचं रान. ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. आत शिरलेलं माणूस दोन हातांवरून दिसत नाही. नवराबायको आपापली पात धरून, म्हणजे वाट्याला आलेला सऱ्यांचा पट्टा धरून, कोयते चालवत पुढे सरकतात. अशात कोण कुठे आहे ते कळायला हवं. म्हणून मधेच कुणीतरी नावाने हाळी देतं आणि ज्याचं नाव घेतलं त्याने "ओ" म्हणायचं. लहान पोरांनी तर म्हणायचंच. मी एकदा मोळीच्या आडोशाला लपून, गंमत म्हणून ओ दिली नव्हती. माय कोयता टाकून धावत आली. तिने मला मारलं नाही, घट्ट धरून ठेवलं, ते मला अजून आठवतं. ती म्हणाली होती, "उसात गप बसायचं नसतं, पुजे. कुणाचा कोयता कुठून येईल, काय सांगावं."

आता फड कर्नाटकात आणि मी अंबाजोगाईत. मायला लिहितावाचता येत नाही, पण टोळीतल्या एका बाईने तिला व्हॉइस मेसेज पाठवायला शिकवलं होतं. संध्याकाळी तिचा मेसेज यायचा. त्यात फक्त "पुजेऽ" एवढंच असायचं. मी उलट "ओ" म्हणून पाठवायची. सुरुवातीला मला त्याची लाज वाटायची. अभ्यासिकेत बाकीच्या मुली बघतात म्हणून मी एकदा नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्यावर तिचा दुसरा मेसेज आला, "असला आंगठा कुनी बी दाबंल. तू बोल." कधी दोन-तीन दिवस काहीच यायचं नाही, कारण टोळीतले सगळे फोन एका पिशवीत घालून ट्रॅक्टरवाल्याबरोबर कारखान्यावर चार्जिंगला जायचे. मग एकदम सगळ्या हाळ्या एका ओळीत यायच्या आणि मी ओळीने ओ देत बसायची.

माझी खोली ज्यांच्या घरामागे होती त्या काकू दवाखान्यात आया म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या. एकट्याच राहायच्या. त्यांचं दार रस्त्यावर, माझं मागच्या बोळात. मी त्यांच्याशी भाडं देण्यापुरतंच बोलत असे. त्या मला फार कडक वाटायच्या. समोर आल्या की माझ्याकडे न बघता माझ्या दाराकडे बघायच्या.

खरं सांगायचं तर मी कुणाशीच बोलत नव्हते. एकटीने राहायचं तर कुणाच्या लक्षात यायचं नाही, अशी माझी समजूत होती. वर्गात मागच्या बाकावर बसायचं. कुठे राहतेस असं कुणी विचारलं तर "नातेवाइकांकडे" म्हणायचं. बोळात शिरताना मान खाली. आत आलं की कडी, वर अडसर, आणि लाइट शक्यतो बारीक. अण्णांच्या चपला दाराबाहेर, टोकं बोळाकडे करून, नीट ठेवलेल्या. त्या चपलांकडे बघून मला खरंच धीर यायचा. वाटायचं, आपण दिसत नाही म्हणजे आपल्याला धोका नाही.

थंडी सुरू झाल्यावर एक मोटारसायकलवाला अभ्यासिकेपासून मागे यायला लागला. आधी मला वाटलं, असेल त्याचा रस्ता. मग मी रस्ता बदलून पाहिला, तर तोही बदलला. काही बोलायचा नाही. नुसतं मागे यायचं आणि बोळाच्या तोंडाशी थांबायचं. मी हे कुणाला सांगितलं नाही. कुणाला सांगणार, असंच मनात यायचं.

एका संध्याकाळी दिवेलागणीला तो बोळात आत आला. मी कुलपात किल्ली घालत होते. त्याने गाडी बंद केली आणि अगदी सहज, ओळखीच्या माणसासारखा म्हणाला, "येकटीच ऱ्हाती ना?"

मी म्हणाले, "आमचे अण्णा आहेत आत."

तो हसला. चपलांकडे बघून म्हणाला, "ह्या चपला जागच्या हालत न्हाईत कदी."

मग तो गेला. त्याने मला हात लावला नाही की काही वाईट बोलला नाही. पण त्या वाक्यानेच मी घाबरले. म्हणजे तो किती दिवस बघत होता. ज्या चपलांमुळे मला वाटत होतं की आत कुणीतरी आहे असं दिसेल, त्यांच्यावरूनच त्याला कळलं होतं की आत कुणी नाही.

मी आत येऊन दाराला पाठ लावून बसले. तेवढ्यात फोन वाजला. "पुजेऽ." मी घसा साफ केला, पाणी प्याले आणि नेहमीसारखं "ओ" म्हणून पाठवलं.

मायचा लगेच दुसरा मेसेज. "काय झालं गं?"

मी म्हणाले, "काही नाही. सर्दी झालीय."

मला सांगायचं नव्हतं, आणि त्याचं कारण मला पक्कं माहीत होतं. माझी थोरली बहीण नववीत असताना माय-अण्णा तोडणीला निघायच्या आधी तिला एकटं कुठे ठेवायचं हा प्रश्न आला होता. वयात आलेली मुलगी, घर बंद, नातेवाईकही सगळे फडावर. मग दिवाळीच्या आत तिचं लग्न लावून दिलं. लग्न झालं की नवराबायकोची एक जोडी तयार होते, आणि त्या जोडीला आमच्याकडे कोयताच म्हणतात. ताई शाळेतून निघाली ती थेट कोयत्यात गेली. माझं कॉलेज ज्या एका धाग्यावर टिकलं होतं तो हाच, की पूजा एकटी राहू शकते. तो तुटला तर मला परत बोलावतील, आणि परत म्हणजे कुठे, ते मी ताईच्या रूपाने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मायचा एक लांबलचक व्हॉइस मेसेज आला. मला आश्चर्य वाटलं, कारण ती एका शब्दापलीकडे कधी बोलत नसे. ऐकायला लागले तर तिने मला काही सांगितलंच नव्हतं. आदल्या संध्याकाळी माझ्याशी बोलताना बटणावरचं तिचं बोट वर सरकलं असावं, बोट काढल्यावरही रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं होतं, आणि नंतर फोन हातात आल्यावर तिने सवयीने मेसेज पाठवायचा बाण दाबला होता. आधी चुलीचा तडतड आवाज, भाकरी थापल्याचा आवाज. मग अण्णा.

"काय म्हनती पोरगी?"

"सर्दी झालीय म्हनती."

"मंग झालं की."

"कुठं झालं? दाबून बोलली ती. सर्दीचं न्हाई ते."

"तुला आता आवाजावरून भविष्य बी कळाया लागलं का?"

"तुमाला समोर बसून बी कळत न्हाई. भाकर घ्या."

थोडा वेळ नुसतं खाणं. मग अण्णा हळू आवाजात म्हणाले, "मी म्हनतो, तिला घिऊन येऊ. आक्का म्हनती त्या पोराचा इचार करू. घर बरं हाय म्हनत्यात."

आक्का म्हणजे माझी आत्या.

माय म्हणाली, "थोरलीच्या टायमाला बी असंच म्हनलात तुमी. येकटी कुठं ठिवायची. आज कुठं हाय ती? तिचं तान्हं उसाच्या बांधावर निजतंय."

"मंग काय करू? हितं बसून तिला राखू का मी?"

"न्हाई ना राखता येत? मंग हितं आनून काय राखनार? ह्या कोपीला दार तरी हाय का?"

कोपी म्हणजे त्यांची उसाच्या पाचटाची झोपडी. तिला खरंच दार नसतं, एक पोतं टांगलेलं असतं. बाहेर कुणीतरी बैलाला दटावत होतं. मग अण्णा म्हणाले, "तिनंच सांगावं काय ते. इचारून न्हाई सांगायची. माज्यावर गेलीय."

"तुमच्यावर गेली म्हनून तर जीव वर-खाली हुतोय माजा," माय म्हणाली, आणि तिथे ते संपलं.

मी तो मेसेज पुन्हा ऐकला. मला रडू आलं नाही, तसं का ते मला नीट सांगता येणार नाही. एवढंच कळलं, की मी न सांगितल्याने माझं कॉलेज वाचणार नव्हतं. तिकडे ते माझ्या एका अक्षरावरून अंदाज बांधत बसले होते, आणि अंदाजानेच माझं काय करायचं ते ठरणार होतं.

संध्याकाळी फोन लागला. मी अण्णांना द्यायला सांगितलं. सगळं सांगितलं, चपलांचं वाक्यसुद्धा. ते वाक्य सांगताना मला त्यांच्यासाठीच वाईट वाटलं.

मग त्यांनी विचारलं, "घरमालकिणीला सांगितलं का?"

"नाही."

"कावून?"

"मलाच बोल लावतील. खोली सोड म्हणतील."

"आन् वर्गात कुणाला?"

"नाही."

"मंग तू तिथं ऱ्हाती तरी कशी? कुनालाच ठावं न्हाई तर त्याला ऱ्हानं म्हनत्यात का?" ते चिडले नव्हते. खरंच विचारत होते. "आदी तिला सांग. ती ऱ्हा म्हनली तर ऱ्हा. न्हाई म्हनली तर मी येतो न्यायला. मंग माज्यावर रुसायचं न्हाई."

एका बाजूला आत्याने बघितलेलं स्थळ, आणि दुसऱ्या बाजूला जिच्याशी मी कधी धड बोलले नव्हते अशी एक बाई. काकूंच्या दारात मी कितीतरी वेळ उभी होते. आतून त्याच म्हणाल्या, "भाडं तर दिलंयस. आता काय?"

मी उभ्यानेच सांगायला सुरुवात केली. चपलांपर्यंत आले तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"थांब. त्या चपला कुणाच्या म्हणालीस?"

"आमच्या अण्णांच्या."

"अण्णा कुठं आहेत तुझे?"

"कर्नाटकात. तोडणीला."

"माणूस कर्नाटकात आणि चपला माझ्या दारात?" काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, मी कधीची वाट बघतेय, हिच्या खोलीतला बाप्या बाहेर कधी येतो म्हणून. दिवसभर दिसत नाही, रात्रीचा दिसत नाही. म्हटलं, महिना संपला की पोरीला सामान उचलायला सांगायचं."

त्या हसत होत्या, पण मधेच थांबल्या आणि म्हणाल्या, "तू माझ्याशी कधी बोललीच नाहीस गं. मला वाटलं, तुला माणसांचा राग आहे." मग त्यांनी मला बसायला पाट दिला.

त्यांनीच अण्णांना फोन लावायला सांगितला. अण्णा अनोळखी बाईशी बोलताना फार अवघडतात. "ताई, आमी लांब हाव," एवढंच ते परत परत म्हणत होते. काकू म्हणाल्या, "तुम्ही लांब आहात ते कळलं मला. मी जवळ आहे. मधलं दार उघडून देते, ती आजपासून माझ्या पुढच्या दारातून ये-जा करील. मागचं दार मी आतून बंद करते. आणि तुमच्या चपला आत ठेवायला सांगते, फुकट भिजतात दवात." मग फोन माझ्याकडे आला. अण्णा म्हणाले, "ऱ्हा." आणि कट केला.

तो मोटारसायकलवाला पुढच्याच आठवड्यात परत आला. काकू ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी जागेवरूनच त्याला हाक मारली. "ए बाबा, इकडं ये. कुणाचा तू?" तो म्हणाला, "काय न्हाई मावशी, जात हुतो." "जा की. पण गाव सांगून जा. बापाचं नाव सांगून जा. आमच्या दवाखान्यात निम्म्या तालुक्याची बाळंतपणं झालीत, तुझंही झालं असंल." तो गाडी वळवून गेला. मला वाटलं होतं तसं तेवढ्यावर ते संपलं नाही. अभ्यासिकेपाशी तो नंतरही दिसला. मी वर्गातल्या एका मुलीला सांगितलं, तिने आणखी दोघींना, आणि आम्ही कॉलेजातल्या मॅडमकडे जाऊन गाडीचा नंबर दिला. त्यानंतर तो दिसेनासा झाला. पण मागून गाडीचा आवाज आला की माझी मान अजूनही वळते. ही भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही.

तुम्ही जे माझ्यासारखे, घराला कुलूप लागल्यावर कुठल्याशा शहरात एकटे राहता, त्या तुम्हाला उपदेश करण्याएवढी मी मोठी नाही. मीसुद्धा शिकतेच आहे. दाराला कडी हवी, फोनमध्ये नंबर हवेत, अंधारायच्या आत परतावं, हे सगळं खरं. पण मी ते सगळं पाळत होते, आणि तरीही मला कुणी पळवलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी हे कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नसतं. आता डबा देणाऱ्या ताईला माझा उपासाचा वार माहीत आहे, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला माझं गाव माहीत आहे. मी दिसले नाही तर काकू दार वाजवतात आणि वर शिव्याही घालतात. याचा कधी कधी त्रास होतो. उशिरा उठले तरी तीन घरांना कळतं. तरी मी तो त्रास सोडायला तयार नाही.

आता मी तिसऱ्या वर्षाला आहे. मैत्रिणी विचारतात, दिवाळी झाल्यावर तू घरी का जात नाहीस? मी सांगते की दिवाळी झाली की आमचं घर तिथे नसतंच, भिंती असतात. ताईही औंदा त्याच टोळीत आहे, तिच्या लेकराला घेऊन. मी शिकले म्हणून तिचं काही बदललेलं नाही, हे मला रोज टोचतं.

यंदा टोळीचा ट्रक अंबाजोगाईवरून जाणार होता. अण्णांनी ड्रायव्हरला सांगून गाडी बसस्टँडच्या पुढे जरा वेळ थांबवली, आणि दुपारी दोघं चालत माझ्या खोलीवर आले. पहिल्यांदाच. ताई लेकराला घेऊन ट्रकातच बसली, ते झोपलं होतं. मायने काकूंना बघितलं आणि सरळ त्यांचे हातच धरले. काकू म्हणाल्या, "बरं झालं आलात. हिला सांगा, भाजीत तेल कमी घालत जा." मायला ते फार आवडलं. तिला एकदम आपल्या बाजूचं माणूस मिळालं.

मी पिठलं-भाकरी केली. अण्णांनी जेवताना खोलीभर नजर फिरवली, खिडकीचे गज हलवून पाहिले, माझी पुस्तकं उचलून परत जागेवर ठेवली. ताईसाठी मी दोन भाकऱ्या फडक्यात बांधल्या. काकूंनी वर लोणच्याची बरणी ठेवली.

निघताना मी त्यांच्याबरोबर ट्रकपर्यंत गेले. माय पुढे चालत होती. अण्णा मधेच थांबले आणि मागे वळून माझ्या खोलीकडे बघत म्हणाले, "दरसाल कुलूप लावून निघतो आमी. औंदा कुनाला तरी सांगून निघालो."

ट्रक हलला. ताईने लेकराचा हात धरून माझ्याकडे हलवला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ओरडले, "पोचल्यावर सांगा." परत आले तेव्हा ओट्यावरून काकूंनी विचारलं, "गेली का घरची माणसं?" मी म्हणाले, "हो, आत्ताच निघाली घरून."